लाइन की इंटर्नल?

ई-वनचा, म्हणजे एकाच वेळी तीस जणांचं बोलणं नेणाऱ्या लाइनचा, पोर्ट नवीन चालू करायचा म्हटलं की यंत्राला चार-पाच गोष्टी सांगाव्या लागतात. फ्रेमिंग कसलं, सीआरसी-फोर हवं की नको, लाइन कोड एचडीबी-थ्री की एएमआय, केबल ७५ ओहमची की १२० ओहमची. यातलं काही चुकलं तर दिवा हिरवा होत नाही, झाला तर टिकत नाही, आणि माणूस ते निस्तरल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाही. शेवटची गोष्ट या जातीतली नाही. ती चुकली तरी दिवा हिरवाच राहतो, फोन लागतो, साहेब सहीसुद्धा करतात. क्लॉक सोर्स: लाइन की इंटर्नल? समोरून येणाऱ्या ठोक्यावर चालायचं की आपल्या पोटातल्या?

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, नगर जिल्ह्यातल्या एक्स्चेंजांत गेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. गाव देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, घर माळकऱ्यांचं. चुलतभाऊ कीर्तनकार आहेत. वयाने मोठे, सगळं घर त्यांना अण्णा म्हणतं. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत ते चार वर्षं होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा तर कंबर कसूनच बसावं लागतं. आमचा वाद तरुणपणापासूनचा: माणसाला गुरू लागतो की नाही. अण्णांचं उत्तर ठरलेलं. माझंही ठरलेलं होतं, उलट बाजूचं. पुढे हा क्लॉक सोर्स इतक्यांदा हाताखालून गेला की वादाची दोन्ही टोकं मला अपुरी वाटायला लागली.

कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला ई-वन समजायला जड जात नाही. प्रवरेच्या कालव्याला आवर्तन सुटलं की चारीवर शेजपाळी लागते. ज्याची पाळी त्याचं पाणी. वेळ संपली की त्याचं दार बंद आणि पुढच्याचं उघडं, मग त्याचा ऊस अर्धा भिजलेला असो की पुरा. तारेवर हेच चालतं, फक्त वेगाने. सेकंदाला ८,००० फेऱ्या, म्हणजे एक फेरी १२५ मायक्रोसेकंदांची. या फेरीलाच फ्रेम म्हणतात; फेरीत ३२ पाळ्या, पाळीला आठ बिट. सगळं मिळून सेकंदाला २०,४८,००० बिट. तीस पाळ्यांत तीस जणांचं बोलणं जातं. सोळा नंबरच्या पाळीत कोण कुणाला फोन लावतोय, कुणी ठेवला, असले निरोप. शून्य नंबरच्या पाळीत कुणीच बोलत नाही. तिथे एकाआड एक फेरीत ठरलेली खूण येते, ००११०११. ती ओळखूनच पलीकडचं यंत्र मोजायला लागतं की ही शून्याची, ही पहिली, ही दुसरी. खूण हुकली तर तीसही जणांचं बोलणं तारेवर शाबूत असतं आणि कुणाचंच कुणाला मिळत नाही.

ही फेरी नेमकी किती वेगाने फिरवायची ते घड्याळ ठरवतं. आणि त्या घड्याळासाठी वेगळी तार नसते, ही या व्यवहारातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. समोरचा जे बोलतो, त्याच्या पल्सांच्या चढ-उतारांतूनच त्याचा ठोका काढून घ्यायचा. ‘माझा वेग अमुक आहे’ असं तो कधीच सांगत नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, ‘गुरू काय सांगतो ते लोक लिहून घेतात, शिष्य तो कसा चालतो ते उचलतो.’

पण यात एक अडचण आहे. समोरचा गप्प बसला तर? सलग शून्यं आली तर तार सपाट पडते, चढ-उतार नाहीत म्हणजे ठोका नाही, आणि ऐकणारं यंत्र हळूहळू आपल्याच लयीत सरकत जातं. एचडीबी-थ्री यासाठीच आहे. एरवी तारेवर नियम असा, की एक पल्स वरच्या अंगाची तर पुढची खालच्या अंगाची. चार शून्यं सलग आली की पाठवणारा मुद्दाम तो नियम मोडतो आणि मागच्याच अंगाची पल्स टाकतो. ऐकणाऱ्याला त्या मोडीवरूनच कळतं की ही बोललेली पल्स नव्हे, इथे शून्यं होती. शून्यं शून्यंच राहतात, ठोकाही राहतो. फोनवरच्या शांततेचंही तसंच आहे. कानाला काही ऐकू येत नाही तेव्हा तारेवरून ११०१०१०१ असलं काहीतरी अखंड धावत असतं. आवाजाची संकेतपद्धत ठरवणाऱ्यांनी एकाआड एक बिट मुद्दाम उलटं केलं, ते याचसाठी.

शांततेवरून आठवलं, नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे, मेहेरबाबांचं ठिकाण. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवला तोपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे. १९५४ साली पाटीही सोडली आणि नुसत्या हातांच्या खुणा राहिल्या. त्यांचे शिष्य एरच जस्सावाला त्या खुणा वाचून सांगायचे. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तो दिवसही ३१ जानेवारीच, २०२० सालचा. देशभरातली खात्याची अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं त्या एका दिवशी घरी गेली. मेहेराबादला त्या दिवशी अमरतिथी असते, जगभरातून माणसं येऊन बसतात. मी भक्त नाही. पण साडेत्रेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसाभोवती इतक्या जणांची लय टिकून राहते, तेव्हा ते मौन सपाट तारेसारखं नसणार, एवढं माझा धंदा मला सांगतो. एरवी ‘मौनात सगळं आहे’ म्हणून गप्प बसणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या मौनातून काहीच काढून घेता येत नाही.

आता मूळ प्रश्न. निवृत्तीनंतर तालुक्यातल्या एका संस्थेने बोलावलं. त्यांनी नवा स्विच बसवला होता, त्यात ई-वनचं कार्ड. त्यावर बाहेरून पीआरआय लाइन घेतली होती, तीस जणांना एकाच वेळी बोलता येईल अशी. तक्रार बारीक होती. बोलताना मध्येच टिकटिक, आणि फॅक्स अर्ध्यावर तुटतो. (फॅक्स अजून लागतो. सरकारी पत्रव्यवहार ज्याने केलाय त्याला विचारा.) श्रीरामपूरकडचा एक पंचविशीतला मुलगा तिथलं नेटवर्क बघायचा. केबल बदलून झाली होती, कार्डही बदलून झालं होतं. मी त्याला म्हटलं, कंट्रोलरचे आकडे काढ. स्क्रीनवर ओळी आल्या: सिग्नल गेला, शून्य, फ्रेम हुकली, शून्य, लाइन कोडची मोडतोड, शून्य. आणि खाली ‘स्लिप’समोर एक भलामोठा आकडा. त्याने पुन्हा कमांड दिली, आकडा तोच. दोघं बघत बसलो. अर्ध्या मिनिटाने आकडा एकाने वाढला. मग पुन्हा अर्ध्या मिनिटाने. शिवणीत टाका पडावा तसा नेमका.

पोर्ट इंटर्नलवर होता. पलीकडचं एक्स्चेंज अर्थातच आपल्या ठोक्यावर. दोघांच्या स्फटिकांत दहा लाखांत चार ठोक्यांचा फरक असेल, तो काही फार नव्हे. पण त्या फरकाने एका बाजूला बिट साठत जातात, आणि साधारण अर्ध्या मिनिटात अख्ख्या एका फेरीएवढे झाले की यंत्र ती फेरी टाकून देतं. तीच स्लिप. बोलणाऱ्याला टिक ऐकू येते, फॅक्सची ओळ जाते. इलाज तीन शब्दांचा: क्लॉक सोर्स लाइन. मुलाने टाइप केलं, एंटर दाबलं, आकडा थांबला. मग त्याने विचारलं, ‘काका, आपलाही क्लॉक चांगलाच आहे ना? नवं कोरं कार्ड आहे. मग त्यांचाच का घ्यायचा?’

मी त्या वेळी धंद्याचं उत्तर दिलं: ग्राहकाच्या बाजूने लाइनचा घ्यायचा, असा नियम आहे. पण त्याचा प्रश्न नियमाने सुटणारा नव्हता. आपल्याकडे तो हजारेक वर्षं चर्चिला गेलाय. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते मुळातच प्रमाण असतं; खोटं ठरेपर्यंत त्याला दुसऱ्याच्या साक्षीची गरज नाही. हे स्वतःप्रामाण्य. नैयायिक म्हणतात, असं कसं? लांबून पाणी दिसलं, ते मृगजळही असेल. जाऊन प्यायलो, तहान भागली, मग म्हणायचं की पाहिलं ते खरं. हे परतःप्रामाण्य. मीमांसक उलटून विचारतात, तहान भागली हे ज्ञान खरं कशावरून? त्याला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं, याला अंत नाही. हा अनवस्थेचा दोष. अण्णांनी मला हे ओसरीवर बसून शिकवलं तेव्हा मी मीमांसकांच्या बाजूचा होतो. मुलगाही, स्वतःला ठाऊक नसताना, त्याच बाजूने बोलत होता.

कार्डाचे आकडे बघून मात्र दुसरंच लक्षात येतं. एकट्या घड्याळाला स्लिप होतच नाही. तो पोर्ट कशालाही न जोडता वर्षभर इंटर्नलवर ठेवा, त्याचं स्लिपचं खातं कोरंच राहील. चूक ही जिनस दुसऱ्याशी गाठ पडल्यावरच जन्माला येते, आणि तेव्हाही दोघांत चुकतंय कोण हे आकडा सांगत नाही, फरक आहे एवढंच सांगतो. दोघंही आपापल्या जागी उत्तम असतील. दूरसंचाराच्या मानकाप्रमाणे पहिल्या दर्जाची दोन घड्याळं घेतली, एक भागिले दहाचा अकरावा घात इतक्या अचूकतेची, तरी त्यांच्यातसुद्धा साधारण ७२ दिवसांनी एक स्लिप येऊ शकते. तेवढी जग सोसतं. म्हणजे स्वतःच्या बळावर उभं राहणाऱ्यांना बोलता येत नाही असं नाही. पण त्यासाठी दोघांची लायकी फार मोठी लागते, आणि तरीही अधूनमधून एक शब्द गळणार हे कबूल करावं लागतं. बाकीच्यांनी बोलायचं तर दोघांतल्या एकाने दुसऱ्याचा ठोका घ्यावा. यात कमीपणा कसला?

इथवर अण्णा माझ्यावर खूश. पुढे ते तितके खूश राहिले नाहीत.

दोन टोकांची चार गणितं होतात. एक लाइन, एक इंटर्नल: ठीक. दोन्ही इंटर्नल: स्लिपा. राहिली दोन्ही लाइन. हा त्याच्याकडे बघतो, तो याच्याकडे. इथे स्लिप होत नाही. एकही नाही. दोघांचं एकमेकांशी इतकं जुळतं की आकडे बघून तुम्ही पाठ थोपटाल. मात्र कुणाच्याच पायाखाली जमीन नसते. एकाने किंचित घाई केली की दुसरा तितकी करतो, त्याची बघून पहिला आणखी करतो, आणि दोघं हातात हात घालून बहकत जातात. तीन-चार एक्स्चेंजांचं असं कडं झालं की ते शोधताना जीव जातो. एरवी दिवसभर सगळं नीट. मुख्य रस्ता तुटतो, यंत्र राखीव रस्त्यावरून ठोका घ्यायला जातं, आणि तो राखीव रस्ता फिरून त्याच्याच दारात आलेला असतो. मग कड्याच्या आत सगळी शांतता आणि कड्याच्या सीमेवर स्लिपांचा पाऊस. आतल्या सगळ्यांचं एकमत की बिघाड बाहेरच्याचा आहे.

न्यायशास्त्रात याला नावं आहेत. दोघांचं असेल तर अन्योन्याश्रय, तिघांचं असेल तर चक्रक. पण तिथे हे युक्तिवादाचे दोष म्हणून शिकवतात, आणि युक्तिवाद माणूस निदान तपासतो तरी. संप्रदाय, पक्ष, भावकी, व्हॉट्सॲपचा ग्रुप यांत हेच होतं तेव्हा तपासायला जागाच राहत नाही, कारण आत एकही आकडा वाढत नसतो. ‘आमच्यात कधी मतभेद होत नाहीत’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, तुमच्यातलं बाहेरून ठोका घेणारं कोण आहे?

यावर यंत्रवाल्यांनी काढलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. त्या शून्य नंबरच्या पाळीत काही बिट मोकळे असतात. त्यांतून प्रत्येक यंत्र आपल्या ठोक्याची प्रत सांगतं: माझा उगम पहिल्या दर्जाचा, माझा दुसऱ्या. आणि ज्याच्याकडून ठोका घेतलाय त्याच्याच दिशेने मात्र वेगळा निरोप पाठवतं, चार एक सलग, ११११. त्याचा अर्थ: माझा ठोका वापरू नकोस. मी तुझ्याच मागे आहे, तू माझ्या मागे येऊ नकोस. शिष्याने गुरूला एवढं सांगितलं की कडं होत नाही. अण्णा म्हणाले, ‘गुरू शिष्याच्या मागे कशाला जाईल?’ मी म्हटलं, ‘अण्णा, गर्दी कुठे वळतेय ते बघून वळणारे महाराज तुम्हीच मला दाखवले आहेत.’ त्यावर ते हसले आणि त्यांनी तंबाखूची डबी काढली.

याहून बारीक एक प्रकार आहे, लूपबॅकचा. चाचणीसाठी आपण पोर्टचीच जाणारी तार त्याच्या येणाऱ्या बाजूला जोडतो. पोर्टला आपलंच बोलणं ऐकू येतं. खूण जुळते, चूक शून्य, दिवा हिरवा. चाचणी झाली की लूप काढायचा असतो. तो काढला नाही आणि क्लॉक सोर्स लाइनवर असला तर पोर्ट मनोभावे समोरच्याचा ठोका घेत असतो, आणि समोर तो स्वतःच असतो. इंटर्नलवरचा पोर्ट निदान सांगतो तरी की मी माझ्या मनाने चालतोय. लूपमधल्याला विचारलं तर तो म्हणेल, लाइन. ‘मला आतून आदेश झाला’, ‘स्वामींनी माझ्याकडून करवून घेतलं’ असं म्हणणाऱ्यांतल्या किती जणांच्या मागे हा विसरलेला लूप असतो, याचा अंदाज आपापल्या गावात कुणालाही करता येईल. अनुभव खोटा असतो असं मी म्हणत नाही. ऐकू येतंय ते खरंच ऐकू येतंय. फक्त तार कुठून आली ते जाऊन बघायला हवं, आणि पोर्टला उठून जाता येत नाही; बघायला दुसरं कुणीतरी लागतं.

इथे अण्णांनी मला गाडीत घालून नेवाशाला नेलं. नवीन काही दाखवायचं नव्हतं, दोघंही तिथे लहानपणापासून जातोय. प्रवरेकाठी जो खांब आहे, पैसाचा म्हणतात, त्याला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. अमृतानुभवही तिथलाच असं परंपरा सांगते. अण्णांचा रोख त्या दुसऱ्या ग्रंथावर होता. ‘तुझं सगळं शहाणपण ठीक आहे,’ ते म्हणाले, ‘आता माउलींचं क्लॉक सोर्स सांग.’

मी म्हटलं, लाइन. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, आणि मग ज्ञानदेव. अख्खी साखळी ते स्वतः सांगतात. अमृतानुभवाचं दुसरं प्रकरण तर सगळं निवृत्तिनाथांच्या स्तुतीचं. सख्खा मोठा भाऊ, वयात फार अंतर नाही, त्याच्यापुढे माणूस इतका वाकतो.

‘आणि तिसरं प्रकरण?’ अण्णांनी विचारलं.

तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेव ज्ञानसुद्धा बंधन कसं होतं ते सांगतात. शिवसूत्रांत शिवाने तसं म्हटलंय, गीतेत श्रीकृष्णाने म्हटलंय, अशी दोन्ही प्रमाणं देतात. आणि लगेच बजावतात की हे त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी ते तसंच असतं. लागून आलेल्या दोन प्रकरणांत एकच माणूस हे दोन्ही बोलतो. एकात पूर्ण लाइन, दुसऱ्यात देवाचाही ठोका नको. अण्णांना मी तीस वर्षं ऐकतोय. ही ओवी कीर्तनात घेताना ते नेहमी एक श्वास थांबतात. का थांबतात ते तोवर कधी विचारलं नव्हतं.

यंत्रात तिसरी अवस्था असते, तिला होल्डओव्हर म्हणतात. चांगलं यंत्र लाइनचा ठोका नुसता वापरत नाही. आपल्या स्फटिकाशी तो सतत ताडून बघतं, आपण किती मागे-पुढे जातो याची नोंद ठेवतं. लाइन तुटली की त्या नोंदीवर आपलं आपण चालतं, आणि भारी प्रतीचं असेल तर कित्येक दिवस कुणाला पत्ता लागत नाही. ज्याने कधी लाइन घेतलीच नाही त्याला होल्डओव्हर नसतो. त्याच्याकडे धरून ठेवायला काही नसतं. आणि ज्याने लाइन घेतली पण आपल्याशी कधी ताडून पाहिली नाही, त्यालाही नसतो; तार तुटल्यावर तो पहिल्या तासातच भरकटतो. गुरू गेल्यावर मठांची जी दशा होते ती यातली. तुकोबांना बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला, साखळी त्यांनीही सांगितली, राघवचैतन्य, केशवचैतन्य. भेट तेवढीच, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी स्वतःला ताडत काढलं. माझ्या समजुतीप्रमाणे अमृतानुभवाचं दुसरं प्रकरण म्हणजे ताडणं आणि तिसरं म्हणजे ताडून झाल्यानंतरचं उभं राहणं.

अण्णांना हे अर्धंच पटलं. ‘होल्डओव्हर ढळतो ना?’ त्यांनी विचारलं. ढळतो. ‘मग माउली ढळले असं म्हणायचंय का तुला?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंत्राचा दाखला तेवढ्यापुरताच पोचतो.

सीआरसी-फोरचा मुद्दा मी त्यांच्यापुढे ठेवला तो परतीच्या वाटेवर. पाठवणारा दर आठ फ्रेमांच्या गठ्ठ्याचा हिशेब करून चार बिटांची बाकी काढतो आणि पुढच्या गठ्ठ्यातून पाठवतो. घेणारा आपला हिशेब करून ताळा बघतो आणि जुळला नाही तर उलट कळवतो. वेदपाठ्यांनी हेच पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ करून साधलं. शब्द पुढेमागे फिरवून म्हणायचे, म्हणजे एक स्वरही हलला तर कानाला कळेल. दोन्हीकडे हमी एकच: जे पाठवलं तेच पोचलं. जे पाठवलं ते खरं होतं याची हमी ताळा देत नाही. पण सीआरसी आणण्यामागे एक वेगळंही कारण होतं. डेटा धावायला लागल्यावर असं होऊ शकलं की कुणाच्यातरी पाळीतल्या मजकुरातच ००११०११ ही खूण पुन्हापुन्हा यावी, आणि घेणाऱ्या यंत्राने तीच खरी समजून तिथूनच मोजणी धरावी. खूण तंतोतंत, जागा चुकीची. नुसत्या खुणेवर विश्वास ठेवला तर हे कधीच उघडकीला येत नाही; गठ्ठ्याचा ताळा बघितला की येतं. भगवी वस्त्रं, दाढी, दोन-चार श्लोक, ओढून आणलेली शांत मुद्रा. एवढं सांगितलं की अण्णांनी हात वर केला, ‘पुरे, नावं घेऊ नकोस.’ मी घेणार नव्हतोच.

ई-वन आता चाललं. नवी कामं सगळी इथरनेटवर, आवाजाची पाकिटं जमतील तशी जातात, थोडं साठवून घेऊन ऐकवलं की झालं. त्या मुलाला वाटलं, क्लॉकची कटकट संपली. संपली नाही. फोर-जी, फाइव्ह-जीचे पुष्कळ टॉवर एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. तिथे शेजारच्या टॉवरांमध्ये काही मायक्रोसेकंदांहून जास्त फरक चालत नाही. त्यांचा ठोका बहुधा उपग्रहांवरून येतो. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात, त्यांना जमिनीवरून दुरुस्त करतात. ‘आणि जमिनीवरच्याला?’ मुलाने विचारलं होतं, आणि घरी आल्यावर अण्णांनीही तेच विचारलं, दोघांची एकमेकांशी ओळख नसताना.

त्याचं उत्तर मला निवृत्तीनंतर वाचायला सापडलं. वर आदिनाथ कुणी नाही. जगभरातल्या प्रयोगशाळांत, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही त्यांत आली, चारशेच्या वर अणुघड्याळं चालतात. पॅरिसजवळच्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात सगळ्यांचे आकडे जातात आणि तिथे त्यांची सरासरी काढतात. जे घड्याळ स्थिर वागलंय त्याला वजन जास्त. महिना उलटल्यावर प्रत्येक प्रयोगशाळेला कागद येतो: गेल्या महिन्यात तुम्ही इतके नॅनोसेकंद चुकलात. म्हणजे जगाची खरी वेळ त्या क्षणी कुठल्याच घड्याळात नसते, ती मागाहून कळते.

अण्णा म्हणाले, ‘मग हे तर तुझं कडंच झालं. सगळे एकमेकांकडे बघतायत.’

झालं असतं, पण एक गोष्ट ते होऊ देत नाही. त्या सरासरीला मधूनमधून सीझियमच्या अणूशी ताडून बघतात. १९६७ साली जगाने ठरवलं की सीझियमच्या एका ठरावीक लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. सरासरी तिच्यापासून सरकली तर सरासरीला वळवतात, मग कितीही घड्याळांचं एकमत असो.

‘आणि सीझियमला कोण सांगतं?’

‘कुणीच नाही.’

‘हे स्वयंभू झालं,’ अण्णा म्हणाले. ‘इतका वेळ मी दुसरं काय सांगतोय?’

मी म्हटलं, फरक आहे. सीझियम दिल्लीतही तेच, पॅरिसलाही तेच, आणि ज्याच्याकडे यंत्र आहे त्या कुणालाही ते मोजून बघता येतं. माझ्या शब्दावर विसंबावं लागत नाही. तुमच्या स्वयंभूचं तसं आहे का?

‘यंत्र नसलेल्याला येतं का मोजता?’

‘नाही.’

‘मग साधना म्हणजे दुसरं काय सांगतात लोक,’ असं म्हणून ते उठले. त्यांना राहुरी फॅक्टरीवर सप्ताहाला जायचं होतं. मला हे पटलेलं नाही. यंत्र बिघडलंय का ते दुसऱ्या यंत्राने तपासता येतं. साधना बिघडलीय का ते कशाने तपासायचं, हे मी त्यांना सप्ताह उरकून आले की विचारणार आहे.